‘परिणाम सापडला नाही’ आणि ‘परिणाम नाहीच’ यातला फरक: विमा, फिजिक्स आणि गणित

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. पहिली, अमेरिकेत ओरेगॉन राज्यात गरीब लोकांना लॉटरी काढून सरकारी आरोग्य विमा दिला, दोन वर्षांनी तपासलं तर ना बीपी सुधारलेलं ना शुगर, म्हणजे विम्याने तब्येत सुधारत नाही हे सिद्धच झालं ना, मग सरकारनं असल्या योजनांवर पैसा का घालायचा. दुसरी, मुलगा एमएस्सी फिजिक्स करून आता सामाजिक विम्याच्या अर्थशास्त्रात पीएचडी करतो म्हणतोय आणि तुम्हाला वाटतंय की गणितात सिद्ध झालं की झालं, फिजिक्समधे मोजलं की मोजलं, या विषयात मात्र आज एक निष्कर्ष आणि उद्या बरोब्बर उलटा, ह्याला शास्त्र म्हणायचं का.

मी मूळचा गणिताचा, एमएस्सीनंतर सगळं आयुष्य घरोघरचे सर्व्हे आणि विम्याचे आकडे यातच गेलं, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे असं माझं ठाम मत आहे. ‘आम्ही शोधलं पण सापडलं नाही’ हे वाक्य तिन्ही विषयांत सारखंच लिहिलं जातं पण त्याचं वजन तिन्हीकडे वेगळं असतं, आणि ते वजन न बघता बातमी छापली की तुमच्यासारख्या विचार करणाऱ्या माणसाचीही दिशाभूल होते.

आधी ओरेगॉन नीट बघू. २००८ मधे राज्याकडे सरकारी विम्याच्या साधारण १० हजार जागा होत्या आणि नाव नोंदवलं जवळपास ९० हजार लोकांनी. मग चिठ्ठ्या काढल्या. संशोधकांसाठी हे सोनं होतं कारण चिठ्ठी कुणाला लागली आणि कुणाला नाही यात त्या माणसाच्या तब्येतीचा, हुशारीचा, ओळखीपाळखीचा काही संबंध नाही, त्यामुळे दोन्ही गटांत पुढे जो फरक पडेल तो विम्यानेच पडला असं म्हणता येतं. विम्याच्या अभ्यासात हीच सगळ्यात अवघड अडचण असते, एरवी आजारी माणूसच धडपडून विमा घेतो आणि मग कागदावर असं दिसतं की विमावाले जास्त आजारी असतात.

आता बातमीत न आलेला भाग. चिठ्ठी लागली म्हणजे विमा मिळाला असं नव्हतं. फॉर्म भरायचे, उत्पन्न दाखवायचं, मुदतीत पाठवायचं, त्यात बरेच गळाले, आणि चिठ्ठी न लागलेल्यांतल्या काहींना दुसरीकडून विमा मिळाला. दोन्ही गटांतला विम्याचा फरक राहिला साधारण २५ टक्के गुणांचा, म्हणजे चिठ्ठी लागलेल्या चार माणसांमागे एकच माणूस जादा विमाधारक झाला. विम्याचा परिणाम किती ते काढायचं तर दिसलेला फरक चारपट करावा लागतो, आणि फरक चारपट केला की त्यातली अनिश्चितताही चारपट होते. शिवाय प्रत्यक्ष रक्त तपासून, बीपी मोजून ज्यांची माहिती घेतली ते बारा हजारांच्या आसपास लोक, त्यात खरोखर बीपी वाढलेले थोडे आणि डायबेटीस असलेले त्याहून थोडे.

२०१३ मधे निकाल छापून आला तेव्हा बीपीची ओळ अशी होती. चिठ्ठी न लागलेल्या गटात बीपी वाढलेले १६.३ टक्के, विम्यामुळे त्यात १.३३ गुणांची घट, आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा, म्हणजे खरा परिणाम ज्या हद्दीत असू शकतो ती हद्द, ७.१६ गुणांच्या घटीपासून ४.४९ गुणांच्या वाढीपर्यंत. ही ओळ तुमच्या मुलाला वाचायला द्या, तो फिजिक्सवाला आहे, लगेच पकडेल. १६ पैकी ७ गुण घटणं म्हणजे बीपीचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी होणं, एवढा जबरदस्त फायदा सुद्धा या अभ्यासाने नाकारलेला नाही, आणि थोडा तोटाही नाकारलेला नाही. पट्टा एवढा रुंद की त्यात दोन्ही मावतात. शुगरचं तसंच, विम्यामुळे डायबेटीसचं निदान झालेले वाढले, औषध घेणारे वाढले, आणि तेवढ्या औषधाने जेवढी शुगर उतरायला हवी तेवढी उतरण त्या पट्ट्यात आरामात बसते. संशोधकांनी हे स्वतः लिहिलंय. त्यांनी म्हटलं की ठळक फरक दिसला नाही, आणि बातमीत झालं की फरक पडत नाही.

आणि जे ठळक दिसलं ते किती मोठं होतं बघा. डिप्रेशनच्या चाचणीत सापडणारे ३० टक्के होते, त्यात सुमारे ९ गुणांची घट. आजारपणापायी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त खर्च होऊन घर बसण्याची वेळ आलेले ५.५ टक्के होते, त्यात साधारण साडेचार गुणांची घट, म्हणजे तो प्रकार जवळजवळ संपलाच. विमा ही मुळात पैशाची ढाल आहे, आजारपणात घर विकायला लागू नये म्हणून केलेली सोय, आणि ते काम त्याने चोख केलं. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं कारण आजारपणापायी वावर गहाण पडलेली घरं मी इतकी बघितलीत की ‘फक्त पैशाचाच फायदा झाला’ असं कुणी म्हणालं की मला त्रास होतो.

आता फिजिक्सकडे या. गुरुत्वीय लहरी असतात हे आइनस्टाइनच्या सिद्धांतातून १९१६ मधेच निघालं होतं. या लहरी टिपायला बांधलेली अमेरिकेतली लायगो यंत्रं २००२ पासून २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने ऐकत राहिली आणि एकही लहर सापडली नाही. त्यावरून लहरी नाहीतच असं कुणी शहाण्या माणसाने म्हटलं नाही, का, तर यंत्राचा कान किती तिखट आहे हे त्यांना आकड्यात माहीत होतं. एवढ्या अंतरावर एवढे जड तारे एकमेकांवर आदळले तर आम्हाला ऐकू येईल, त्यापलीकडचं नाही, हे आधीच ठरलेलं. मग यंत्रं सुधारली आणि १४ सप्टेंबर २०१५ ला साधारण १३० कोटी प्रकाशवर्षं लांबच्या दोन कृष्णविवरांची धडक ऐकू आली. त्या गोंगाटात नेमका सूर कसा हुडकायचा याचं गणित बसवणाऱ्यांत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी खूप आधीपासून होते, आणि आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, २०२३ मधे केंद्राने त्यासाठी २,६०० कोटी मंजूर केले.

पण मला सांगायचंय ती गोष्ट २००७ ची आहे, जेव्हा काहीच सापडलं नव्हतं. त्या वर्षी १ फेब्रुवारीला गॅमा किरणांचा एक स्फोट दिसला, त्याची आकाशातली जागा आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेवर (अँड्रोमेडा) पडत होती. प्रश्न असा की तो देवयानीतलाच दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या किंवा तारा आणि कृष्णविवराच्या धडकेचा आहे का. लायगोने आपली नोंद तपासली, काहीही नाही. देवयानी इतकी जवळ आहे की तिथे अशी धडक झाली असती तर त्या वेळच्या यंत्रालाही ऐकू आलीच असती. म्हणून त्यांनी ९९ टक्क्यांहून जास्त खात्रीने सांगितलं की देवयानीत धडक झालेली नाही. तेच यंत्र, तीच शांतता, पण या प्रश्नाला ती शांतता हेच उत्तर होतं. कान पुरेसा तिखट असेल तर शांतता पुरावा असते, नसेल तर ती नुसती शांतता असते.

कान तिखट आहे हे तरी कशावरून, तर त्याचीही परीक्षा ते घेत. २०१० च्या सप्टेंबरमधे मोजक्या लोकांनी गुपचूप एक खोटा सिग्नल यंत्रात घातला, बाकी शेकडो जणांना पत्ता नाही. त्यांनी तो शोधला, महिनोन्‌महिने तपासला, पेपर लिहून तयार केला आणि मग २०११ च्या मार्चमधे सगळ्यांसमोर पाकीट उघडलं, त्यात लिहिलेलं की हा आम्हीच घातला होता. एवढी मेहनत वाया गेली असं कुणाला वाटेल पण माझ्या मते ती त्या सगळ्या वर्षांतली सगळ्यात मोलाची मेहनत होती, कारण त्यानंतर त्यांच्या ‘सापडलं नाही’ला किंमत आली.

हाच तराजू विम्याला लावा. ओरेगॉनचा कान बीपीसाठी पुरेसा तिखट नव्हता, पैशाच्या फटक्यासाठी होता. मग कान सुधारला तर? तेही झालं. अमेरिकेत विमा नसेल तर टॅक्समधे दंड होता, तो भरणारी सुमारे ४५ लाख कुटुंबं. २०१७ च्या सुरुवातीला टॅक्स खात्याने त्यांना विमा घ्यायची माहिती देणारं साधं पत्र पाठवायचं ठरवलं पण सगळ्यांना पाठवायला पैसे पुरेनात, म्हणून कुणाला वगळायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. ३९ लाखांना पत्र गेलं, बाकीच्यांना नाही. पत्राने विमा घेणारे थोडेसेच वाढले, पण माणसं लाखांनी होती त्यामुळे बारीक फरकही ऐकू आला. ४५ ते ६४ वयाच्या, आधी विमा नसलेल्या लोकांत पत्र गेलेल्या दर १,६४८ माणसांमागे पुढच्या दोन वर्षांत एक मृत्यू कमी. एक साधं कागदी पत्र. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा पुन्हा तपासला. हा ओरेगॉनच्या उलटा निकाल नाही हे लक्षात घ्या, ओरेगॉनमधे जे ऐकूच आलं नसतं ते मोठ्या कानाने ऐकलं.

आता गणित. तिथे सिद्ध झालं की झालं हे तुमचं खरंय, पण त्याचीच दुसरी बाजू अशी की ‘शोधलं, अपवाद सापडला नाही’ याला गणितात वजन शून्य. पोल्या या गणितज्ञानं १९१९ मधे एक अंदाज मांडला. कुठलीही संख्या घ्या, तिचे मूळ अवयव मोजा, तोच अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजायचा. ८ म्हणजे २ गुणिले २ गुणिले २, अवयव तीन, विषम. १० म्हणजे २ गुणिले ५, अवयव दोन, सम. एकपासून दहापर्यंत करून बघा, २, ३, ५, ७, ८ विषमवाले आणि १, ४, ६, ९, १० समवाले, पाच-पाच बरोबरी. अंदाज असा की दोनच्या पुढे कुठेही थांबा, विषमवाले समवाल्यांपेक्षा कधी कमी पडणार नाहीत. वही घेऊन बसा, शंभरपर्यंत खरं, हजारपर्यंत खरं, लाखापर्यंत खरं, कोटीपर्यंतही खरं. आणि तरी हा अंदाज खोटा आहे. १९५८ मधे तो खोटा ठरला आणि १९८० मधे कळलं की तो पहिल्यांदा मोडतो ते ९०,६१,५०,२५७ या आकड्यावर. नव्वद कोटींच्या वर साक्षीदार बाजूने उभे आणि निकाल विरुद्ध.

त्याहून विलक्षण म्हणजे मेर्टेन्सचा अंदाज, १८९७ चा, त्याच जातीचा. तो खोटा आहे हे १९८५ मधे ओडलिज्को आणि टे रिले या दोन गणितज्ञांनी सिद्ध केलं, पण तो नेमका कुठल्या आकड्यावर मोडतो ते आजतागायत कुणी दाखवू शकलेलं नाही. म्हणजे अपवाद कुणालाच सापडलेला नाही आणि तरी अपवाद आहे हे शंभर टक्के पक्कं. मी मुलांना शिकवताना हे सांगायचो तेव्हा वर्ग गप्प व्हायचा.

मग तुम्ही म्हणाल गणितच बरं. पण गणिताची खात्री ही त्याने आधी ठरवून घेतलेल्या गृहितकांची खात्री असते, माणसांबद्दल ते काहीच बोलत नाही. माणसांकडे यायचं तर शांततेतूनच अर्थ काढायचा धोका पत्करावा लागतो, आणि त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे.

इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून सहा गावांत घरटी नोंदी ठेवायला सुरुवात केली, त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कालमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा, बाकी दोन तेव्हाच्या आंध्रातली. प्रत्येक गावातली ४० घरं, किती पिकलं, किती कमावलं, किती खाल्लं. त्यातल्या शिरापूर, कानझरा आणि आंध्रातलं औरेपल्ली या तीन गावांच्या आकड्यांवर रॉबर्ट टाउनसेंड या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मधे एक पेपर लिहिला, विम्याच्या अर्थशास्त्रात तो गाजलेला आहे. विचार साधा आहे. गावात एकमेकांना सांभाळून घेणं पूर्णपणे चालत असेल तर एका घरचा बैल मेला, एका घरचा कर्ता आजारी पडला तरी त्या एकट्या घराचं खाणं घटणार नाही, गावाचं मिळून जे होईल तेच प्रत्येक घराचं होईल. म्हणजे आपल्या एकट्याच्या कमाईचा आपल्या खाण्यावर परिणाम शून्य यायला हवा. इथे शून्य हाच मोठा शोध. आणि निघालं शून्याच्या बरंच जवळ, अगदी शून्य नाही, आणि एका गावात भूमिहीनांना तेवढा आधार मिळत नव्हता हेही दिसलं.

पण मग १९९७ मधे रॅव्हॅलियन आणि चौधुरी यांनी बोट ठेवलं ते मोजमापावर. घराने किती खाल्लं हे त्या आकड्यांत बरंचसं हिशेबाने काढलेलं होतं, पिकलं किती, विकलं किती, शिल्लक किती, उरलं ते खाल्लं. अशा आकड्यात चुका असतात आणि त्या चुकांनी निकाल कुठल्या बाजूला ढकलला जातो हे तपासावं लागतं. खाण्याचं माप बदलून बघितलं तर स्वतःच्या कमाईचा परिणाम जास्त दिसला. म्हणजे शून्य आलं ते गावाने सांभाळलं म्हणून की माप बोथट म्हणून, हा प्रश्न उभा राहिला. पुढे २०१२ मधे माझोको आणि सैनी यांनी त्याच गावांच्या आकड्यांवर काम करून दाखवलं की अख्ख्या गावाच्या पातळीवर पूर्ण सांभाळणूक टिकत नाही, जातीच्या आत मात्र ती नाकारता येत नाही. खेड्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून धक्का बसणार नाही, पण ते आकड्यांत उतरायला अठरा वर्षं आणि तीन वेगळ्या टीम लागल्या. तुम्ही ज्याला ‘उद्या उलटा’ म्हणताय तो हा प्रवास, आणि माझ्या लेखी यात प्रत्येक पायरीवर माहिती वाढलेली आहे.

माप बोथट असणं म्हणजे काय ते मी स्वतः बघितलंय. वऱ्हाडातच एका गावात सर्व्हेला होतो, एका बाईंना फॉर्मवरचा प्रश्न विचारला की गेल्या महिन्यात उसनं किती घेतलं. म्हणाल्या, काहीच नाही. मी शून्य लिहिलं. मग चहा करायला आत गेल्या तेव्हा कोपऱ्यात ज्वारीचं पोतं दिसलं, त्यांचं वावर तर त्या वर्षी गेलेलं होतं. विचारलं हे कुठून आलं, तर म्हणे जाऊबाईकडून. मी म्हटलं मग उसनं नाही का. त्या हसल्या, “उसनं काह्याचं दादा, तिच्या पोराच्या येळी म्या देल्ले होते.” माझ्या फॉर्ममधे त्या पोत्याला रकाना नव्हता. विमा माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा होता आणि मी शून्य लिहून बसलो होतो. त्या संध्याकाळी मी आधीची सगळी घरं पुन्हा फिरलो.

म्हणून आपल्याकडच्या सरकारी विम्याचे निकालही याच नजरेने वाचा. कर्नाटकात कलबुर्गी आणि म्हैसूर भागात दहा हजारांहून जास्त कुटुंबांवर राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा, म्हणजे दवाखान्यात भरती होण्याचा खर्च देणाऱ्या सरकारी विम्याचा, चिठ्ठ्या टाकून प्रयोग झाला. तब्येतीच्या बहुतेक मापांवर ठळक फरक दिसला नाही. पण त्याच अभ्यासात हेही आलं की कार्ड असलेल्या अनेकांनी ते वापरायचा प्रयत्न केला आणि वापरता आलं नाही. लायगोच्या भाषेत सांगायचं तर इथे यंत्राची वायरच सुटलेली आहे. या शांततेतून विम्याने तब्येत सुधारते का याचं उत्तर निघत नाही, योजना दवाखान्याच्या काउंटरवर कुठे अडते याचं मात्र चांगलं उत्तर निघतं, आणि महात्मा फुले योजनेचं कार्ड घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दुसरं उत्तर जास्त उपयोगी आहे.

कधी कधी निकाल खरोखरच उलटे येतात हेही मान्य करतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात जवळपास सगळ्यांना विमा देणाऱ्या २००६ च्या सुधारणेनंतर इमर्जन्सीतल्या फेऱ्या कमी झाल्याचं एका अभ्यासात आलं आणि ओरेगॉनमधे त्या साधारण ४० टक्क्यांनी वाढल्या. पण माणसं वेगळी, विमा वेगळा, जवळ फॅमिली डॉक्टर आहे की नाही ते वेगळं. इलेक्ट्रॉन हिंगोलीत आणि अमेरिकेत सारखाच वागतो, आजारी माणूस तसा वागत नाही, त्यामुळे या विषयात प्रत्येक निष्कर्षाला गाव आणि साल चिकटलेलं असतं, ते काढून टाकून वाचलं की गोंधळ होणारच.

मुलाबद्दल म्हणाल तर जाऊ द्या त्याला. फिजिक्समधून आलेला मुलगा यंत्राच्या कानाचा हिशेब आधी करतो, ही सवय आमच्या क्षेत्रात अजून कमी आहे आणि फार हवी आहे. पण नुसत्या कॉम्प्युटरवर बसू देऊ नका, पहिल्या वर्षात एखादा महिना तरी कुठल्या सर्व्हेबरोबर गावात राहू दे. आणि आत्ता सुट्टीत एक काम द्या. ओरेगॉनचे आकडे सगळ्यांना खुले आहेत, ते उतरवून घे म्हणावं, आणि बीपीत दोन गुणांची खरी घट पक्की ऐकू यायला किती माणसं तपासावी लागली असती ते काढ. मात्र गणित करायच्या आधी अंदाज वहीत लिहून तारीख टाकून ठेवायला सांगा, ओरेगॉनच्या टीमनेही काय तपासणार ते आकडे बघायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. आकडा निघाला की अंदाजासकट मला पाठवा, मी माझ्या पद्धतीने काढून ताडून बघतो.